ओंडका उचलू नका, लोळवा

गहू-हरभरा घरात आला, पऱ्हाटी उपटून झाली, की आपल्या पुलगाव-देवळीच्या भागात दोन कामे एकदम निघतात. एक वावराच्या नांगरटीचे आणि दुसरे पावसाळ्याच्या इंधनाचे. आता तुम्ही म्हणाल, २०१६ साली उज्ज्वला योजना आली, घरात सिलिंडर आले, आता कशाला लाकडांची गोष्ट? पण आंघोळीचे पाणी अजून पुष्कळ घरी चुलीवरच तापते. लग्नाचा, भंडाऱ्याचा स्वयंपाक मोठ्या चुलाणावर होतो. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या भरकन पेटतात आणि भरकन विझतात. टिकाऊ विस्तवाला धुऱ्यावरची बाभूळ, हिवर किंवा कडुनिंबाचे जाड लाकूडच लागते. शिवाय वैशाख-ज्येष्ठात वावधन सुटले की एखादे जुने झाड वावरात आडवे होतेच. ते पेरणीआधी हलवावे लागते, इंधन पाहिजे असो वा नसो.

तोडणीवर आपण पुष्कळ बोलतो. कुऱ्हाडीला धार कशी असावी, करवतीचे दात कसे असावेत, हे गावात दहा जण सांगतील. झाड खाली आल्यावर ते ओंडके बंडीपर्यंत न्यायचे कसे, चढवायचे कसे, यावर कोणी बोलत नाही. ‘चार जण लावा अन् उचला’, एवढेच आपले शास्त्र. आणि माणसे मोडतात ती बहुधा याच कामात.

आधी माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो. धुऱ्यावरची बाभूळ पाडली होती. चांगले मांडीपेक्षा जाड ओंडके होते. बैल सोडलेले, बंडी जुवावर टेकवलेली. तिघांनी मिळून पहिला ओंडका उचलला आणि बंडीच्या मागच्या कडेवर ठेवला. वजन मागे आले तशी बंडी उलटी कलली, जू वर गेले आणि ओंडका सरळ मागे लोळत आला. मी बाजूला होतो, वाचलो. मागे कामावर आलेले दादा होते, त्यांची नडगी मोडली. दवाखान्यात झोपल्या झोपल्या ते मला म्हणाले, ‘भाऊ, बंडीच्या मागे एक ठोकळा लावला असता तर?’ बस, तेवढेच म्हणाले. त्या साली मृग गेला, पेरणी गेली, डवरणी गेली, तरी ते काठी घेऊनच चालत होते. खर्च मी दिला, पण त्या माणसाचा अख्खा हंगाम मी भरून देऊ शकलो नाही.

सरकारी मदतीचेही सांगून ठेवतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून लागू आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव निकामी झाले तर दोन लाख आणि एक अवयव कायमचा गेला तर एक लाख रुपये, असे तिचे स्वरूप आहे. ती सातबाऱ्यावरच्या खातेदारासाठी आणि त्याच्या घरच्या एका सदस्यासाठी आहे. तुमच्या वावरात मजुरीला आलेल्या, नावावर जमीन नसलेल्या माणसाची मोडलेली नडगी किंवा धरलेली कंबर त्यात बसत नाही. म्हणून ती मोडणार नाही हे पाहणे आपल्याकडेच येते.

तर मुद्द्यावर येऊ. पहिली गोष्ट, ओंडक्याला हात लावण्याआधी त्याचे वजन किती हे कळले पाहिजे. काटा नको, एक सुतळी पुरे. सुतळीने ओंडक्याचा घेर मोजा. ओली बाभूळ साधारण पाण्याइतकी जड धरा. घेर तीन फूट असेल तर एक फूट लांबीला जवळपास २० किलो वजन भरते. घेर चार फूट असला तर फुटाला ३६ किलो, पाच फूट असला तर ५६ किलो. आणि सहा फूट घेर? तुम्ही म्हणाल तिनाच्या दुप्पट, म्हणजे ४०. नाही, ८० किलो! घेर दुप्पट झाला की वजन चौपट होते. इथेच आपला अंदाज फसतो. डोळ्याला ओंडका ‘थोडासाच जाड’ दिसतो आणि कंबर त्याची किंमत देते. वाळलेले लाकूड असेल तर यातून पाचवा हिस्सा वजा करा.

आता तुलना करा. युरियाचे पोते २०१८ पासून ४५ किलोचे येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की धडधाकट पुरुषानेसुद्धा नेहमीच्या कामात ५५ किलोपेक्षा जास्त ओझे वाहू नये, आणि बाईमाणसाचे ओझे त्याहून बरेच कमी असावे. पोत्याला पकडायला कान असतात, ते अंगाला चिकटून बसते. ओंडका गोल, खरबरीत, काट्यांचा आणि अंगापासून दूर राहणारा. चार फूट घेराचा, दोन फूट लांबीचा तुकडा ७० किलोचा झाला. तो एकट्याने उचलायचा नाही. दोघांनीही उचलायचा नाही. तो लोळवायचा.

लोळवण्याची अक्कल शिकायला लांब जायला नको. आपला मुलूख कापसाचा. पुलगावची कापड गिरणी बंद पडली, पण जिनिंग-प्रेसिंगमधले काम आपण सगळ्यांनी पाहिले आहे. रुईची एक गाठ १७० किलोची असते. हमाल ती डोक्यावर घेतो का? नाही. हातातला लोखंडी आकडा गाठीत रोवतो, एका कडेवर तोल आणतो आणि गाठ उलटी-पालटी करीत नेतो. गाठीचे वजन जमीन वाहते, माणूस फक्त तिला कलवतो. ओंडक्याच्या बाबतीत हेच करायचे आहे.

त्यासाठी पहिले अवजार तुमच्या घरी आहेच. ते म्हणजे सब्बल. पाच फुटांची, चांगल्या वजनाची सब्बल घ्या. टोक चपटे असावे, फार अणकुचीदार नको. तिच्याखाली टेकू म्हणून एक लाकडी ठोकळा ठेवा. दगड ठेवू नका, दगडावरून सब्बल निसटते. टेकू ओंडक्यापासून सहा बोटांवर नाही, सहा इंचांवर असावा. पाच फुटांच्या सब्बलीत सहा इंच पुढे आणि साडेचार फूट मागे राहिले, म्हणजे तुमच्या हातचा एक किलो पुढे नऊ किलो होतो. दहा फूट लांब, चार फूट घेराचे खोड ३६० किलोचे असते. त्याचे एक टोक उचलायचे म्हणजे निम्मे वजन, १८० किलो. सब्बलीवर २० किलोचा जोर दिला की ते टोक वर येते. २० किलो म्हणजे किती? विहिरीतून पाण्याची मोठी बादली ओढता, त्याच्या आसपास.

हे टोक वर उचलायचे कशासाठी? तर खाली आडवे लाकूड सरकवायला. खोड जमिनीपासून अर्धा फूट वर आले की करवत मातीत जात नाही, तिची धार जात नाही आणि ती चिरेत अडकतही नाही. पुष्कळ लोक खोड जमिनीवर तसेच ठेवून कापतात, शेवटच्या दोन बोटांना करवत चावली जाते, मग घण मारतात, शिव्या देतात. हल्ली मशीनची करवत भाड्याने आणतात, तिला तर मातीचा स्पर्शच नको. सब्बल दाबताना मात्र एक ध्यानात ठेवा. सब्बलीवर बसायचे नाही, तिच्यावर पोट टेकायचे नाही आणि तोंड तिच्या वर न्यायचे नाही. ती निसटली की उसळून हनुवटीवर येते. बाजूला उभे राहून, दोन्ही हातांनी, पाय मागे-पुढे ठेवून दाबावी.

आणखी एक. खूप दिवस पडून असलेल्या ओंडक्याखाली विंचू, मण्यार, फुरसे यांपैकी काहीही असू शकते. खाली बोटे घालून ओंडका कधीच उलटू नये. त्याच्या टोकाशी, म्हणजे शेंड्याकडे किंवा बुडाकडे उभे राहावे, सब्बलीने जरा हलवावा आणि दोन मिनिटे थांबावे. टोकाशी उभे राहिले की ओंडका लोळला तरी पायावर येत नाही. ओंडक्याच्या टोकाशी माणूस सुरक्षित, बाजूला धोक्यात. घरातल्या पोरांनाही हे शिकवून ठेवा.

आता दुसरे अवजार. हे आपल्याकडे सहसा नसते आणि ते करून घ्यावे असा माझा आग्रह आहे. चार फुटांचा दणकट दांडा, आणि त्याच्या खालच्या टोकापासून वीतभर वर बसवलेला, हलणारा, वाकडा लोखंडी आकडा. याला आपल्याकडे रूढ नाव नाही, आपण ‘आकडीचा दांडा’ म्हणू. परदेशात लाकूडतोडे हेच वापरतात. दांड्याचे टोक ओंडक्याला लावायचे, आकडी पलीकडून ओंडक्यात रुतते, आणि दांडा ढकलला की ओंडका पाना लावलेल्या नटासारखा फिरतो. जितका जोर लावाल तितकी आकडी घट्ट रुतते. हात ओंडक्याच्या जवळही जात नाहीत, कंबर वाकत नाही.

या अवजाराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण ते एका लोहारानेच सुधारले. अमेरिकेतल्या मेन प्रांतात लाकडे नदीतून वाहवत नेत असत. तिथे जोसेफ पीव्ही नावाचा लोहार होता. लोकांचे आकडीचे दांडे त्याने पाहिले. त्यांची आकडी सैल असे, डावी-उजवीकडे लटकत फिरे, आणि ऐन वेळी लाकडावर बसतच नसे. १८५७-५८ च्या सुमारास त्याने आकडी कड्यात अशी बसवली, की ती फक्त वर-खाली हलावी, आडवी हलू नये. दांड्याच्या टोकाला एक अणीही बसवली. एवढाच बदल. आज जगभर ते अवजार त्याच्याच नावाने ओळखले जाते.

आपल्या लोहारदादांना हे जमणार नाही असे मुळीच नाही. आपल्या जिल्ह्याला तर गावच्या कारागिराचे मोल सांगायला नको. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि १९३८ साली गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. हात-अवजार गावात घडावे आणि गावात दुरुस्त व्हावे, हा विचार आपल्या अंगणातला आहे. तेव्हा लोहाराकडे जाताना एवढे सांगा.

दांडा धावड्याचा असावा. धावडा मिळाला नाही तर सरळ धाग्याच्या, बिनगाठीच्या बाभळीचा चालेल. लांबी चार फूट. हाताशी दीड इंच जाड, खाली आकडी बसते तिथे सव्वादोन इंच. खालच्या टोकाला लोखंडी कडे ठोकून घ्या, नाहीतर दांडा तिथे चिरतो. आकडी ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची करा. साध्या सळईची केली तर टोक लवकर बोथट होते. लांबी फूटभर, वाक विळ्यासारखा, टोक आत वळलेले. टोकाला पाणी चढवताना फार कडक करू नका, गाठीवर बसले की तुटते. आणि पीव्हीचा धडा विसरू नका. आकडीचा खिळा घट्ट, ती आडवी हलता कामा नये. एवढ्या मापाची आकडी दोनपासून चार फूट घेराच्या ओंडक्याला चालते. त्याहून जाड ओंडका असेल तर आधी पाचर घालून घणाने फाडा आणि मग हलवा. अख्खे हलवून घरी फाडण्यापेक्षा जागेवर फाडून हलवणे केव्हाही शहाणपणाचे. ओले असताना, गाठ टाळून, टोकाकडून पाचर घालावी.

वापरताना उताराचा विचार करा. आपली रान सपाट वाटते, पण धुरा आणि नाला जवळ आला की उतार असतोच. माणसाने नेहमी चढाच्या बाजूला राहावे, ओंडका उताराच्या बाजूला. ओंडका सुटून वेगाने लोळायला लागला तर दांडा धरून ठेवू नका. सोडून द्या आणि बाजूला व्हा. दांडा मोडला तर नवीन करता येतो.

तिसरे अवजार लहान तुकड्यांसाठी. एक-दीड फुटाचे, दहा-पंधरा किलोचे तुकडे ढिगाकडे न्यायचे असतात तेव्हा आपण काय करतो? प्रत्येक तुकड्याला वाकतो. दिवसात दोनशे तुकडे, दोनशे वेळा वाकणे. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. काही जण कुऱ्हाड तुकड्यात मारून ओढतात. तसे करू नका. पात्याची धार जाते, दांडा ढिला होतो आणि एखादे वेळी कुऱ्हाड निसटून पायावर येते. त्याऐवजी जुन्या कुऱ्हाडीच्या पात्याचीच पक्ष्याच्या चोचीसारखी, किंचित खाली वाकलेली अणी करून घ्या आणि तिला तीन फुटांचा दांडा बसवा. तुकड्याच्या टोकात हलकेच मारली की रुतते, दांडा जरा वर झटकला की सुटते. उभ्याउभ्या तुकडा ओढता येतो, उचलून दुसऱ्याच्या हातात देता येतो. अणी फार सरळ केली तर ती रुतत नाही, फार वाकवली तर सुटत नाही. पहिल्या दिवशी लोहाराच्या दाराशीच दोन तुकड्यांवर करून पाहा आणि तिथेच दुरुस्त करून घ्या.

चौथी आहे मोठी सांडशी. लोहाराची सांडशी असते तशीच, पण टोके आत वळलेली आणि वर कडी. कडीतून बल्ली घालायची, दोघांनी खांद्यावर घ्यायची. ओंडका खाली लोंबतो आणि त्याच्याच वजनाने सांडशी घट्ट होते. नाला किंवा खड्डा ओलांडायचा असेल तिथे हिचा उपयोग. ओंडका जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. पडला तरी वीतभरच पडेल. खांद्यावरचा ओंडका पडतो तो माणसाच्या उंचीवरून. पण ही रोज लागत नाही. चार-पाच घरांनी मिळून एक केली तरी भागते. दोघे सारख्या उंचीचे असावेत आणि ‘उचल’ व ‘ठेव’ हे शब्द दोघांपैकी एकानेच बोलायचे.

आता बंडीत चढवण्याचे. माझी चूक इथेच झाली होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बंडी शक्यतो खोलगट जागेत उभी करा, तेवढी तिची उंची कमी होते. बैल सोडून दूर बांधा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. आणि बंडीच्या मागच्या कडेखाली भक्कम ठोकळा उभा करा. कडा त्यावर टेकली पाहिजे, फट राहता कामा नये. मागे वजन आले तरी बंडी कलणार नाही. पुढे जुवाखालीही टेकू द्या. एवढे झाल्याशिवाय ओंडक्याला हात लावायचा नाही.

मग पोटरीएवढ्या जाड, नऊ-नऊ फुटांच्या दोन बल्ल्या घ्या. त्यांची वरची टोके बंडीच्या मागच्या कडेला दोराने बांधा, खालची टोके जमिनीत थोडी रोवा. बंडीची उंची तीन फूट धरली तर नऊ फुटांच्या चढावर ओंडक्याचे वजन तिसरा हिस्सा लागते. चढ जितका लांब, जोर तितका कमी. लोक सहा फुटांच्या बल्ल्या लावून दम खातात, आणखी तीन फूट लांब घ्यायला काय जाते?

आता दोर. दोन दोर घ्या. प्रत्येकाचे एक टोक बंडीच्या मागच्या आडव्या लाकडाला बांधा. दोर खाली सोडा, ओंडक्याच्या खालून घ्या, वरून फिरवून परत बंडीवर आणा, आणि पुढे, जुवाच्या बाजूला उभे राहून दोघांनी ओढा. ओंडका दोरात पाळण्यासारखा बसतो आणि बल्ल्यांवरून लोळत वर येतो. यात निम्मे वजन बंडीला बांधलेले टोक धरून ठेवते. ओंडका एक हात वर सरकतो तेव्हा तुमच्या हातात दोन हात दोर येतो, म्हणून जोर निम्मा लागतो.

हिशेब पाहा. साडेचार फूट घेर, तीन फूट लांबीचा ओंडका सुमारे १३५ किलोचा. बल्ल्यांमुळे झाला ४५, दोरामुळे २२-२३. घासण्याचे धरून ३० म्हणा. दोघांत वाटला तर प्रत्येकी १५ किलो. तिघांनी दात-ओठ खाऊन उचलला तो ओंडका, तोच दोघे जण गप्पा करीत चढवतात. एक टोक पुढे गेले तर त्या बाजूचा दोर थांबवा, दुसरे टोक येऊ द्या. तिसरा माणूस असेल तर त्याने बल्ल्यांच्या बाहेर, बाजूला उभे राहून ओंडक्यामागे पाचर सरकवत राहावे. ओंडक्याच्या मागे, बल्ल्यांच्या मध्ये कोणीही उभे राहायचे नाही. पोरांना तर तिथून हाकलाच. त्या दादांची नडगी मोडली ती नेमक्या याच जागेवर.

दोर कोणता? अंबाडीचा दोर हाताला चांगला धरवतो, पण भिजला आणि तसाच ठेवला की आतून कुजतो. वरून चांगला दिसतो. वापरण्याआधी पीळ उलगडून आत पाहा, भुसा निघाला तर तो दोर गुरे बांधायला ठेवा. नायलॉनचा दोर मजबूत असतो, पण ताणला जातो आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो. हातही कापतो. प्लॅस्टिकचा स्वस्त दोर दोन उन्हाळे उन्हात राहिला की कडकड तुटतो. कोणताही असो, ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नये आणि दोर हाताला गुंडाळून ओढू नये.

भगिनींसाठी थोडे. मोळी डोक्यावर आणणे अजून चालूच आहे. ओल्या लाकडाची मोळी आणू नका. तोडून आठ-पंधरा दिवस जागेवर वाळू दिले तर पाण्याचे बरेच ओझे वावरातच राहते. वाट पक्की असेल तर एकचाकी हातगाडी घ्यावी. गाडी भरताना जड लाकूड चाकाच्या बाजूला, पुढे ठेवायचे. मुठीच्या बाजूला ठेवले तर वजन चाकाऐवजी तुमच्या हातावर येते. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा असतात, चाक रुतते. तिथे दोन फळ्या टाकून वाट करावी. आणि मृगाचे पाणी पडले की काळीत ना गाडी चालते ना बंडी. म्हणून हे काम सात जूनच्या आत उरकायचे.

ज्याला उचलण्याशिवाय इलाज नाही असा तुकडा गुडघे वाकवून, पोटाशी धरून उचला. उचलल्यावर कमरेतून वळू नका, पाय फिरवा. पायात चप्पल नको, जोडा पाहिजे. बाभळीचा काटा खोल गेला असेल तर हळद लावून बसू नका, दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

कायद्याचे एक राहिले. आंबा, मोह, चिंच, जांभूळ, साग, तिवस अशी काही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. वादळाने पडलेल्या झाडाबद्दलही हात लावण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे चौकशी करून घ्यावी.

सगळी अवजारे एकदम घ्यायला नकोत. सब्बल, दोर घरी आहेत, बल्ल्या धुऱ्यावर मिळतात. या सालात फक्त आकडीचा दांडा करून घ्या, चोचीची अणी जुन्या कुऱ्हाडीतून होईल. काम झाले की लोखंडाला जळके तेल आणि दांड्यांना जवसाचे तेल पुसा. अवजारे आडवी, कोरड्या जागी, आढ्याला टांगा. भिंतीला तिरपा टेकवलेला दांडा पावसाळाभरात वाकतो, आणि वाकड्या दांड्याने ओंडका सरळ लोळत नाही.